आमच्या वार्ताहराकडून

(पडद्यावर : दहावीची उत्तरपत्रिका. निळ्या शाईतलं, चौकटीत घातलेलं शीर्षक.)

दहावीच्या मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाचा प्रश्न असतो. त्यात बातमी लिहायला येते. शाळेत वृक्षारोपण झालं, विज्ञान प्रदर्शन भरलं, मराठी भाषा गौरव दिन साजरा झाला, असा काहीतरी विषय दिलेला असतो. मुलं लिहितात, 'आमच्या वार्ताहराकडून'. मग तारीख, गाव, प्रमुख पाहुणे, त्यांचं मौलिक मार्गदर्शन आणि शेवटी आभार. पाहुण्यांचं नाव मुलानं बाकावर बसल्या बसल्या ठरवलेलं असतं. कार्यक्रम झालेलाच नसतो. मार्क मात्र चांगले पडतात.

परीक्षेपुरतं त्यात गैर काही नाही. पेपर सोडून मुलगा बाहेर कोणाला विचारायला जाणार? पण बातमीशी त्याची शाळेतली ओळख एवढीच राहते आणि बातमी घरबसल्या रचता येते, असं त्याला वाटायला लागतं. हे वाटणं कसं सुटतं, ते आम्हाला पाहायचं होतं. म्हणून या माहितीपटासाठी खान्देशात शाळेचं भित्तिपत्रक चालवणाऱ्या मुलांबरोबर थोडं हिंडलो.

(पडद्यावर : सकाळचा परिपाठ. रांगा. माइक खरखरतो.)

ही शाळा यावल तालुक्यात, तापीच्या उत्तरेला. मागे सातपुडा, चहूकडे केळीच्या बागा. परिपाठात रोज एक मुलगी बातम्या वाचते. दिल्ली, मुंबई, क्रिकेट, हवामान. सगळ्या पेपरातून उतरवलेल्या. गावातली एकही नाही. का नाही, असं विचारलं तर नववीतला एक जण म्हणाला, 'सर, गावात काही होतच नाही.' तो हे बोलत होता तेव्हा फाटकासमोर केळीनं भरलेला ट्रक चिखलात रुतला होता आणि निम्मं गाव तो ढकलत होतं.

भित्तिपत्रकाचे पहिले अंक आम्ही चाळले. पाहुण्यांचं आगमन, दीपप्रज्वलन, 'मोठ्या उत्साहात', 'उपस्थितांची मने जिंकली'. पेपर वाचूनच मुलं हे शिकली आहेत, त्यांना दोष कसा देणार? मराठीच्या बाईंनी शेवटी फळ्याच्या कोपऱ्यात एक यादी लिहिली आणि ती वर्षभर पुसू दिली नाही. मोठ्या उत्साहात. मौलिक. संपन्न झाला. बळीराजा. वैभव. हे शब्द वापरायचे नाहीत. मुलं आठवडाभर नुसती बसून राहिली, कारण यादीतले शब्द काढून घेतल्यावर सांगण्यासारखं हातात काही उरेना.

मग केळीचा विषय निघाला.

(पडद्यावर : केळीची बाग. कापलेले घड. रस्त्याकडेला उभा ट्रक.)

रावेर, यावल, चोपडा हा केळीचा पट्टा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या पोरांना केळी शिकवावी लागत नाही. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) कोणती, कांदेबाग (पावसाळ्याच्या शेवटी लावलेली) कोणती, नवतीला (नव्या लागवडीच्या मालाला) काय भाव, पिलबागेला (जुन्या झाडाच्या पिलांवर आलेल्या मालाला) काय, वापसी (कमी प्रतीचा म्हणून बाजूला काढलेला माल) कोणत्या भावात जाते, हे त्यांना पाढ्यांसारखं पाठ. पहिला मसुदा ज्या मुलीनं लिहिला तिच्या घरची बाग आहे. तिनं सुरुवात केली होती, 'केळी हे खान्देशचे वैभव आहे, परंतु आज बळीराजा हवालदिल झाला आहे.' बाईंनी फळ्याकडे नुसतं बोट दाखवलं.

मुलीला राग आला. 'बाई, पण खरंच हवालदिल आहेत. पप्पांना बोर्डाचा भाव मिळतच नाही.'

बाई म्हणाल्या, 'मग हे लिही ना.'

बाजार समिती रोज केळीचा भाव जाहीर करते. त्याला सगळे बोर्डभाव म्हणतात. शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला काय निघाला, त्याच्याकडेही डोळे लागलेले असतात. पण बागेत घड कापून झाल्यावर शेतकऱ्याच्या हातात जो भाव पडतो तो बोर्डाएवढा असतोच असं नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक. आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची बातमी लिहिणं सर्वांत अवघड, कारण विचारायला गेलं की समोरचा म्हणतो, 'तुला माहीत नाही का?'

माहीत असूनही तिनं विचारावं, एवढंच काम होतं. वडिलांपासून सुरुवात केली. कोणत्या तारखेला माल गेला? बोर्डावर त्या दिवशी काय होतं? पैसे कोणत्या भावानं मिळाले? पावती आहे का? वडील आधी हसले, मग उठून कपाटात कागद शोधू लागले. पुढे काकांकडे, मग गल्लीत, मग पलीकडच्या वाडीत. कागद कोणाकडे होता, बहुतेकांकडे नव्हता. 'आठवतं तेवढं सांगतो' म्हणणाऱ्यांचे आकडे तिनं वेगळ्या पानावर घेतले. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ऐकीव आणि लेखी एकाच पानावर आलं की रात्री लिहिताना गोंधळ होतो, हे तिचं तिलाच कळलं.

दुसऱ्या मसुद्यात एक वाक्य होतं : 'बोर्डावर लिहिलेल्या भावाने आपला माल गेला, असे आम्हाला एकाही शेतकऱ्याने सांगितले नाही.' 'एकाही' म्हणायला किती जणांना विचारलं? तेही पुढच्याच ओळीत होतं. कोणाकोणाला विचारलं, कधी विचारलं, पावती कोणी दाखवली. वैभव गेलं, बळीराजा गेला आणि मजकूर निम्मा झाला.

बाईंनी वाचला आणि विचारलं, 'शेठला विचारलं का?'

नव्हतं विचारलं. गावातल्या केळीच्या व्यापाऱ्याकडे जायचं म्हणजे मुलीच्या पोटात गोळा आला. पुढच्या कापणीला माल त्याच्याकडेच द्यायचा आहे. वडीलही म्हणाले, 'जाऊ दे बेटा.' इथे आम्हीही थबकलो. शहरातला संपादक सहज सांगून जातो, दोन्ही बाजू घ्या. एका बाजूकडे आपल्या बापाचं येणं अडकलेलं असताना दोन्ही बाजू घेणं काय असतं, ते त्याला ठाऊक नसतं. शेवटी ती एकटी गेली नाही. वर्गातली दोघं आणि बाई बरोबर गेले आणि प्रश्न दुसऱ्या मुलानं विचारले.

शेठ रागावतील अशी तयारी होती. त्यांनी चहा मागवला आणि बराच वेळ बोलले. बोर्डाचा भाव चांगल्या मालाचा असतो. आडबाजूच्या बागेतून माल डोक्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणावा लागतो. हरण्या रोगाची बाग असली तर घड भरत नाही. उत्तरेत माल पोहोचेपर्यंत तिथला भाव उतरला तर तोटा त्यांचा. पावती का देत नाही, यावर मात्र त्यांनी विषय बदलला. मुलांनी तेही लिहिलं : 'पावतीबद्दल दोनदा विचारले, उत्तर मिळाले नाही.' तिसरा मसुदा पहिल्याइतका चिडलेला नव्हता. माझ्या मते वाचणाऱ्याला तोच जास्त अस्वस्थ करत होता.

(पडद्यावर : अमळनेर. शाळेची इमारत. मग धुळ्याचे रस्ते.)

मुलांच्या हातच्या वृत्तपत्राची खान्देशातली गोष्ट जुनी आहे. पांडुरंग सदाशिव साने १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले, वसतिगृहही सांभाळू लागले. तिथल्या मुलांसाठी ते हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढत. दैनिक, म्हणजे रोज. शाळेचा वार्षिकांक वेळेवर काढताना आपली काय तारांबळ उडते ते आठवा. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले.

पण मुलांना आम्ही सांगितली ती गोष्ट त्यानंतरची, धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तिथे गीतेवर बोलत. अठरा अध्याय, अठरा रविवार. ध्वनिमुद्रण नाही, काही नाही. ती प्रवचनं आज आपल्याला वाचता येतात, कारण ऐकणाऱ्यांत बसून साने गुरुजी ती उतरवून घेत होते. गुरुजींची स्वतःची लेखणी किती हळवी, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या रविवारी मात्र त्यांनी आपली लेखणी बाजूला ठेवली आणि दुसऱ्याचं बोलणं कागदावर आणलं. बातमीदाराला रोज हेच करायचं असतं.

अमळनेरकडच्या एका शाळेत सर हाच सराव घेतात. वर्गात कोणीतरी पाच मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी लिहायचं, मग ज्यानं बोललं त्यालाच ते वाचून दाखवायचं. 'मी असं म्हटलंच नाही', हे वाक्य त्या वर्गात जितक्या वेळा ऐकू येतं तितकं गावच्या भांडणातही येत नसेल. आठवीची मुलं सुरुवातीला सगळंच लिहायला धावतात. काही महिन्यांनी थांबवून विचारायला लागतात, 'आप्पा, जरा परत सांगा.' हे विचारायला हिंमत लागते. मोठ्या माणसाला मध्ये थांबवू नये, हे आपण घरी लहानपणापासून ऐकलेलं असतं.

इकडे लोक अहिराणी बोलतात. वहीतही अहिराणीच उतरते आणि भिंतीवर ती तशीच लावतात. पाण्याच्या बातमीसाठी मुलं एका आजीकडे गेली होती. नळाला पाणी कधी येतं, रात्री किती वाजता उठावं लागतं, सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाली, 'लिखा भो, पन मनं नाव बी टाका.' (लिहा रे, पण माझं नावही टाका.) नाव टाकलं. आजी नातवाला घेऊन अंक बघायला शाळेत आली, तर ग्रामपंचायतीतला कोणीतरी तिच्या आधीच तिथे उभा राहून वाचत होता.

(पडद्यावर : रिकामा वर्ग. नावं दिसणार नाहीत अशी काळजी घेऊन चित्रण.)

नाव टाकायचं नाही, अशीही बातमी येते.

एका शाळेत कुजबुज होती की वर्गातल्या मुलीला पाहुणे बघून गेले. मुलांना हे भित्तिपत्रकात हवं होतं. 'सर, नाव बदलू ना.' पण एका वर्गात मुली किती, त्यात त्या आठवड्यात गैरहजर किती? गावात नाव बदलून काहीच लपत नाही.

चाळीस वर्षांपूर्वी हाच पेच अमेरिकेत पडला होता. मिझुरी राज्यातल्या हेझलवुड ईस्ट हायस्कूलमध्ये विद्यार्थ्यांचं 'स्पेक्ट्रम' नावाचं वृत्तपत्र निघे. १९८३ साली त्यातली दोन पानं मुख्याध्यापकांनी काढून टाकली. एका लेखात गरोदर राहिलेल्या विद्यार्थिनींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम. नावं बदलली असली तरी मुली ओळखू येतील, हे मुख्याध्यापकांचं एक कारण होतं. मुलं न्यायालयात गेली. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं निकाल दिला. तिथले विद्यार्थी पत्रकार त्या निकालावर आजही वाद घालतात. मला विचाराल तर मुली ओळखू येतील ही काळजी खरी होती. पण त्या निकालानं शाळेच्या हाती जेवढा अधिकार दिला, तेवढा त्या काळजीला लागत नव्हता. आपल्याकडे हेडसर 'हे लावू नका' म्हणतात तेव्हा दर वेळी मुलीची काळजी असतेच असं नाही. पुष्कळदा सरपंचाची असते.

या प्रकरणात हेडसर आणि मुलं एकाच बाजूला आली. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरत असेल तर २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा लागू होतो, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो आणि १०९८ या क्रमांकावर कोणीही फोन करू शकतं. अशा मुलीचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही छापायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं बंदी आहे. भित्तिपत्रकात एवढंच लागलं. कायदा काय, फोन कुठे करायचा, वय किती. कोणाचीच गोष्ट नाही. मुलं थोडी नाराज होती. पुढे त्या मुलीचं काय झालं, ते आम्ही या माहितीपटात सांगणार नाही. सांगितलं तर ती ओळखू येईल.

(पडद्यावर : झेंडावंदन. गोळ्या-बिस्किटं वाटणं. मुलं घरी निघतात.)

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. या दिवशी सहसा गावोगावी ग्रामसभा भरते. प्रभातफेरी काढून, कवायत करून मुलं घरी जातात आणि त्यानंतर गावाच्या पैशांचा हिशोब निघतो. यावलकडच्या पोरांनी यंदा थांबायचं ठरवलं. मागच्या सतरंजीवर बसली, कोणी उठवलं नाही. अर्ध्या तासानं कंटाळली, हे खरंच. पण शाळेच्या कुंपणाचा विषय निघाला तेव्हा सगळ्यांच्या वह्या एकदम उघडल्या.

दहावीची मुलं आता परीक्षेला बसतील, मग जळगाव, भुसावळ, धुळे, जिथे प्रवेश मिळेल तिथे जातील. भित्तिपत्रक आठवीकडे आलं आहे. त्यांची पहिली बातमी संध्याकाळच्या एसटीची. मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पण फेरी अचानक रद्द झाली की पास दप्तरात ठेवून अंधारात चालत यावं लागतं. फेरी कोणत्या तारखांना आली नाही, ते थांब्यावर उभ्या राहणाऱ्या दोघी लिहून ठेवतात. आगारात भेटायला जायचं पत्र हेडसरांनी सही करून दिलं आहे. पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यावर वर्गात वाद चालू आहे. अर्ध्यांना 'बस का येत नाही?' हा हवा आहे. बाकीच्या अर्ध्यांचं म्हणणं, आधी 'बस रोज सुटते का?' हे विचारू, ते काय सांगतात ते लिहून घेऊ आणि मग तारखांची वही काढू.