वीस पावलांवरचं पाणी

[दृश्य: ओहोटीचा मोकळा किनारा. दुपारचे पावणेचार. पाण्याच्या कडेने चालणारी दोन माणसं, दोघांचे हात रिकामे.]

निवेदन:
मोठा मासा धरायला निघालेल्या दोघांकडे आत्ता साधी बादलीसुद्धा नाही. रॉड, रीळ, गळ सगळं मामांनी गाडीतच ठेवायला लावलंय. भाच्याचा जीव मात्र त्या गाडीतच अडकलेला आहे. तेरा फुटी कोरा रॉड आहे, आणि तो त्याला आत्ताच्या आत्ता फेकून बघायचाय. जमेल तितका लांब.

लांब फेकला की मोठा मासा लागतो, असा नवशिक्याचा पक्का समज असतो. त्याला हसण्यात अर्थ नाही. समुद्र आत जावं तसा खोल होतो, मोठे मासे खोलात राहतात, मग गळ आतच जायला हवा. ऐकायला सगळं बरोबर वाटतं.

मामा वाद घालत नाहीत. ते फक्त बोट दाखवतात.

[दृश्य: उघडा पडलेला वाळूचा दांडा. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मधे साचलेलं हिरवट पाणी.]

समोर, साधारण साठ-सत्तर पावलांवर, किनाऱ्याला समांतर वाळूचा एक दांडा पाण्याबाहेर डोकावतोय. दांड्याच्या अलीकडे एक लांबलचक चर आहे. इथे पाणी गडद दिसतं, कारण ते खोल आहे. डावीकडे एका जागी दांडा तुटलाय आणि तिथे एक खिंड पडलीय. भरतीला लाटा दांड्यावरून पाणी आत ढकलतात आणि ते पाणी याच खिंडीतून परत जातं. म्हणजे ही खिंड जाण्यायेण्याची वाट झाली, आणि चर हा रस्ता.

आता माशाच्या बाजूने विचार करा. लाट फुटली की वाळू ढवळली जाते. वाळूतले खेकडे, शिंपले, किडे उघड्यावर येतात. ते खायला लहान मासे येतात, आणि लहानांच्या मागे मोठे. हे सगळं वाढलेलं ताट किनाऱ्याला लागूनच आहे. अंधार पडला, पाणी चढलं, की मोठा मासा खिंडीतून चरात शिरतो आणि चराच्या कडेकडेने फिरतो. कंबरभर पाणी त्याला पुरतं. पाकट, म्हणजे स्टिंगरे, तर अंगाने चपटी, तिला तेवढंही लागत नाही.

आणि किनाऱ्यावरून मोठा मासा ही काही नुसती थाप नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एव्हन इथे १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये एकाने किनाऱ्यावर उभं राहून रेड ड्रम जातीचा ४२.६९ किलोचा मासा काढला होता. त्या जातीचा तो जागतिक विक्रम ठरला.

[दृश्य: दांड्याच्या कडेवर फुटणारी लाट, संथ गतीत.]

पण दांडा काही रोज असा उघडा दिसत नाही. आज अमावस्या होऊन दोनच दिवस झालेत, उधाणाची ओहोटी आहे, म्हणून पाणी इतकं मागे गेलंय. एरवी किनारा वाचायचा तो लाटांवरून. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट झाली की लाट फुटते. मीटरभर उंचीची लाट जिथे फुटते, तिथे पाणी सव्वा-दीड मीटरच्या आत आहे असं समजायचं. पांढरा फेस म्हणजे उथळ. दोन फेसांच्या मधला गडद पट्टा म्हणजे चर. आणि फेसाची रांग जिथे एकदम तुटते, पाणी नुसतं वरखाली होतं, गढूळ दिसतं, ती खिंड.

तीच खिंड पोहणाऱ्याच्या जिवावरही उठते. समुद्राकडे जाणारी ओढ तिथेच असते. चुकून सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं. मामांनी भाच्याला हे दोनदा म्हणून दाखवायला लावलं. मगच पुढचं.

पुढचं म्हणजे खुणा. तासाभरात हे सगळं पाण्याखाली जाणार आणि रात्री यातलं काहीच दिसणार नाही. मामांनी मागच्या टेकाडावरचं एक झाड आणि त्याच्या पुढचा एक खडक हेरला. दोन्ही एका रेषेत आले की समोर खिंड. भाच्याने वाळूत काठी रोवली. भरतीने ती नेऊ नये म्हणून बरीच मागे.

[दृश्य: संध्याकाळ. ताडपत्रीवर मांडलेलं सामान.]

आता रॉड आला. भाचा खूश.

सामानाबद्दल बोलायचं तर रात्र सरेल, आणि गरवणाऱ्या दोघांचं एकमत कधी होत नाही. त्यामुळे ज्यावर मासा मिळतो किंवा जातो, तेवढंच सांगते.

रिळावर ०.३५ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी आहे, अडीचशे मीटर. ती साधारण आठ-नऊ किलोंचा ताण सोसते. तेवढ्या दोरीवर वीस किलोंचा मासा निघतो कसा, असा प्रश्न भाच्यालाही पडलाय. उत्तर रिळाच्या टोपीवरच्या चकतीत आहे. तिला ड्रॅग म्हणतात. ठरावीक ताणापलीकडे मासा ओढायला लागला की रीळ आपण होऊन दोरी सोडतं. हा ताण दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. मामांनी दोरीचं टोक ताणकाट्याला अडकवलं आणि अडीच किलोंना रीळ कुरकुरेपर्यंत चकती फिरवली. अंदाजाने लावणारे पुष्कळ असतात. त्यांच्या तोंडून ‘दोरी तुटली’च्या गोष्टीही पुष्कळ ऐकायला मिळतात.

दुसरी गोष्ट लीडर. मुख्य दोरीच्या पुढे जोडलेली ही जाड दोरी. ११० ग्रॅमचं शिसं, म्हणजे गळ आत नेणारं वजन, झोकात फेकताना दोरीला जो हिसका बसतो, तो बारीक नायलॉनला पेलत नाही. दोरी तुटली तर शिसं गोळीसारखं सुटतं, आणि कुठल्या दिशेला ते कुणाच्या हातात नसतं. जुना हिशेब असा, की शिशाच्या दर औंसाला लीडरची ताकद दहा पौंड. ११० ग्रॅम म्हणजे जवळपास चार औंस, म्हणून लीडर चाळीस पौंडांचा, म्हणजे अठरा किलोंचा. लांबी रॉडच्या दुप्पट, आणि फेकायच्या वेळी रिळावर चार-पाच वेढे उरले पाहिजेत.

गळ सर्कल हुक जातीचा आहे. त्याचं टोक आत, दांडीकडे वळलेलं असतं. हा गळ कशाला लागायचा, असं बघणाऱ्याला वाटतं. पण मासा आमिष घेऊन वळला की गळ तोंडाच्या कोपऱ्यात येऊन अडकतो. पोटात जायची शक्यता कमी, म्हणून मासा सोडायचा झाला तर जगतो. यात एकच अट आहे. चावा कळल्यावर रॉडला झटका द्यायचा नाही. हातावर ताबा ठेवायला शिकणं हे गाठी शिकण्यापेक्षा अवघड आहे.

आमिष म्हणून तेलकट माशाचा ताजा तुकडा, बारीक इलॅस्टिक दोऱ्याने गुंडाळलेला, गळाचं टोक उघडं ठेवून.

[दृश्य: भाचा रॉड खांद्यामागे नेतो. फेक. ‘टप्प’ असा आवाज.]

पहिली फेक. हा आवाज पुन्हा ऐकवते.

[आवाज पुन्हा.]

रिळावरची तारेची कमान, जिला बेल म्हणतात, फेकीच्या मध्येच मिटली. दोरी अडकली, मुख्य दोरी लीडरच्या गाठीवर तुटली, आणि शिसं, गळ, आमिष, लीडर सगळं समुद्राला अर्पण झालं. सुदैवाने समोर पाण्यात कुणी नव्हतं. भाचा रिकाम्या रॉडकडे बघत उभा राहिला.

“मामा, हे रीळच खराब आहे.”

“रिळाला काय धाड भरलीय? कमान पुरती मागे गेली का, ते बघितलंस? अंगात जोर आहे म्हणून सगळा एकदम लावायचा नसतो रे.”

गाठी बांधण्यात वीस मिनिटं गेली. दुसरी फेक नीट गेली आणि लांबही गेली. नव्वद मीटर तरी असेल. दांड्याच्या पार पलीकडे. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता, आणि आमच्या कॅमेऱ्याने तो टिपलाय. मामांनी बाजूला आपला रॉड उचलला, दांड्याच्या अलीकडे, चरात, वीस पावलांवर शिसं टाकलं आणि बसून राहिले. ते फेकलं म्हणावं की ठेवलं, असा प्रश्न पडावा.

[दृश्य: अंधार. लाल दिवे. पाइपात उभे दोन रॉड.]

किनाऱ्यावरच्या मासेमारीचा बराचसा वेळ असा जातो. आम्ही तो तुमच्यासाठी कापून टाकलाय. पण तिथे तो कापता येत नाही.

दर वीस मिनिटांनी दोरी गुंडाळून आमिष बदलायचं. पाण्यात पडून राहिलं की त्याचा वास धुऊन जातो, उरतो तो चोथा. भाच्याचं आमिष तीनदा जसंच्या तसं परत आलं. मामांचं पहिल्यांदा खेकड्यांनी कुरतडलेलं आलं, दुसऱ्यांदा गळ स्वच्छ. खेकडे आमिष खातायत म्हणजे तिथे जेवणाची जागा आहे, हे भाच्याला कुणी सांगितलं नाही. चौथ्या वेळी त्याने रॉड अर्ध्याच जोराने फिरवला. शिसं खिंडीच्या तोंडाशी, चराच्या कडेवर पडलं. मामा काही बोलले नाहीत. थर्मास उघडला.

आठ वाजून पस्तीस मिनिटं. भरती पूर्ण व्हायला अजून सव्वा तास.

[आवाज: रिळाची करकर.]

आधी टोक दोनदा हललं. मग रॉड सावकाश वाकला आणि वाकतच गेला. भाच्याने तो पाइपातून काढला, आणि सगळं अंग म्हणत होतं झटका दे. नाही दिला. दोरी रिळावरून सरसर निघाली. साठ मीटर, ऐंशी. ड्रॅगची चकती घट्ट करायला त्याचा हात गेला आणि मामांनी मनगट धरलं.

“जाऊ दे त्याला. दमू दे.”

मग एकदम थांबलं. रॉड वाकलेला, दोरी ताठ, पण हालचाल नाही. भाच्याला वाटलं, खडकात अडकलं. मामा हसले. हे पाकटीचं काम. ती तळाला पोट टेकवून वाळूला चिकटून बसते आणि मग तिला उपटणं म्हणजे ओली घोंगडी जमिनीवरून ओढण्यासारखं. जोर लावून उपयोग नाही. ताण तसाच ठेवून किनाऱ्याने वीस-पंचवीस पावलं बाजूला चालायचं. ओढायची दिशा बदलली की पंखाची कड उचलली जाते. भाचा चालला. दोरी थरथरली. पाकट वाळूपासून सुटली.

पुढची पंचवीस मिनिटं कधी हिचं, कधी त्याचं.

मासे निसटतात ते बहुतेक शेवटच्या दहा फुटांत. दोरी आखूड उरलेली असते, तिची लवचीकता संपलेली, आणि परत फिरणाऱ्या लाटेचं सगळं वजन माशावर येतं. म्हणून लाट येते तेव्हा मागे चालत मासा तिच्यावर स्वार करून आणायचा. लाट परतते तेव्हा मुकाट दोरी द्यायची. भाच्याने दोनदा दिली. तिसऱ्या लाटेने ती ओल्या वाळूवर आणून सोडली.

[दृश्य: लाल उजेडात पाकट. रुंदी हातभराहून जास्त. शेपटीवर मामांनी टाकलेलं ओलं जाड कापड.]

शेपटीच्या बुडाशी करवतीसारख्या कडांचा विषारी काटा असतो. आधी तो झाकायचा, मग बाकीचं. काटा लागलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवतात, ४५ अंशांच्या आत, कारण हे विष उष्णतेने निकामी होत जातं. त्यानंतर थेट दवाखाना. आणि रात्री या पाण्यात उतरताना पाय उचलून टाकायचे नसतात, फरफटत न्यायचे. पाकटीला चाहूल लागते आणि ती आपणच वाटेतून सरते.

डोळ्यांमागची ही दोन भोकं बघा. तोंड वाळूत असताना ती यांतून पाणी आत घेते. तिथे बोटं घालून उचलायचं नाही. आता तोंडाभोवतीचे हे बारीक ठिपके. १६७८ साली इटलीच्या स्तेफानो लोरेन्झिनीने या ठिपक्यांचं वर्णन लिहून ठेवलं, पण ते कशासाठी आहेत हे उलगडायला विसावं शतक यावं लागलं. वाळूत लपलेल्या प्राण्याच्या अंगातून निघणारी अत्यंत क्षीण वीज तिला यांतून कळते. काळ्याकुट्ट गढूळ पाण्यात तिने आपलं जेवण शोधलं त्यात यांचाही वाटा.

गळ तोंडाच्या कोपऱ्यात होता. पक्कडीने एका वळशात निघाला. फोटो एकच, तोही पाण्याच्या कडेला, कारण ती पोटुशी असावी असं मामांना वाटलं आणि अशा माद्या धक्क्याने पिल्लं टाकतात. दोघांनी तिला कापडासकट सरकवत गुडघाभर पाण्यात नेलं. समुद्राकडे पाठ कुणीच केली नाही. पंख एकदा हलले. दुसऱ्या लाटेत ती तिथे नव्हती.

[दृश्य: दहा वाजलेले. पाणी रोवलेल्या काठीपर्यंत येऊन थांबलेलं.]

भरती पूर्ण झालीय. थोड्याच वेळात खिंडीतलं पाणी उलटं वाहू लागेल. मामांनी आपली दोरी गुंडाळली. उद्याची भरती आजच्यापेक्षा पन्नासेक मिनिटं उशिरा, म्हणजे निघायलाही तेवढा उशीर चालेल, असं त्यांचं गणित चालू आहे. भाचा खाली बसून नवं आमिष बांधतोय. डब्यातून त्याने शिसं काढलं, हातात तोललं, परत टाकलं आणि त्याहून लहान घेतलं.

“अजून एक टाकतो, मामा.”

“टाक. पण कमान बघ.”