प्लास्टिक काढा, वॅलिस्नेरिया लावा

हे जे हिरव्या रिबिनींसारखं डुलतंय ना, ते वॅलिस्नेरिया, माशांच्या टँकमध्ये लावायचं पाण्यातलं झाड, टँकवाले नुसतं वॅल म्हणतात. ठाण्यात वर्तकनगरच्या एका काकूंच्या हॉलमधला हा दोन फुटी टँक, आधी यात पण प्लास्टिकचीच झाडं होती आणि खरं सांगायचं तर त्या प्लास्टिकचा माशांना काय उपयोग, ते पाण्यातला अमोनिया थोडीच शोषणार, नुसतं शेवाळ धरून बसतं. जिवंत झाड लावा हो.

आता काकूंच्या हाताकडे नीट बघा. रोप आधी जरा खोल खोचलं, आणि मग हळूच वर ओढलं... अजून थोडं... हां, तो पांढरट बुडखा दिसला की थांबायचं. मुळं वाळूत, बुडखा बाहेर. तो गाडला गेला की रोप कुजतं, आणि मग लोक म्हणतात आमच्याकडे झाडं टिकत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नको, महागडी माती नको, साधी एलईडी दिवसाला सात-आठ तास आणि मुळाशी एखादी रूट टॅब, म्हणजे वाळूत खोचायची खताची गोळी, बास. नळाचं पाणी अँटी-क्लोरीन टाकूनच भरायचं. बाटलीतलं लिक्विड कार्बन मात्र अजिबात नको, वॅलची पानं त्याने विरघळतात. सुरुवातीला जुनी पानं तशीही गळतात, घाबरून उपटू नका, बुडखा टणक आहे ना, मग नवी फुटतात.

आणि हा बघा रनर, म्हणजे रोपातून निघालेली आडवी फांदी. वाळूवरून सरपटत निघालाय, टोकाला पिल्लू, त्याला मुळं, त्याच्यापुढे परत रनर. एका रोपाची अशी रांग लागते की मागची काच दिसेनाशी होते.

वरती पाण्याला टेकलेलं ते एवढुसं फूल, लांब बारीक दांड्यावरचं, ते मादीफूल. वॅलमध्ये नर-मादी रोपं वेगळी असतात. नराची फुलं खाली पाण्यात सुटतात, तरंगत वर येतात आणि वाहत वाहत मादीफुलापर्यंत पोचतात, मग दांडा स्प्रिंगसारखा वळून फळाला खाली ओढून घेतो. या टँकमध्ये सगळी रोपं एकाच रोपाच्या रनरची, म्हणजे सगळ्याच माद्या, त्यामुळे इथे बी धरत नाही.

जास्तीची रोपं उपवन किंवा मासुंदा तलावात टाकू नका, तिथे फोफावली तर निस्तरणं अवघड. रनर कापायचा, पिल्लू ओल्या पेपरात गुंडाळायचं आणि शेजारच्यांच्या टँकसाठी द्यायचं, काकूंनी अख्ख्या मजल्याला वाटलंय.