उन्हाळा काढून टाकायचा का?

नमस्कार मंडळी.

"आमची मुलं इतकी भयाण पुस्तकं का वाचतात हो?" असं कालपासून इथल्या कितीतरी आईबाबांनी मला विचारलं. काळजी खरी आहे. हुकूमशाही, पाळत, मुलांच्या जिवावर उठलेले खेळ, असं सगळं किशोरांच्या या कादंबऱ्यांत असतं. तरी मी म्हणते, वाचू द्या, आणि तुम्हीही वाचा.

लोइस लोरी या अमेरिकी लेखिकेची 'द गिव्हर' ही कादंबरी १९९३ साली आली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा पुरस्कार, मिळालं. तिच्यातल्या वस्तीत उपासमार नाही, भांडणतंटा नाही, प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्यापायी लोकांनी रंग गमावलेत, टेकड्या सपाट केल्यात, ऊन आणि बर्फ हद्दपार केलंय. साऱ्या जुन्या आठवणी, युद्धाच्या वेदनांसकट, एकट्या म्हाताऱ्याच्या अंगावर टाकल्यात.

नागपुरात नववी-दहावीच्या मुलांसोबत आम्ही ती वाचली, ऐन मे महिन्यात. पारा ४५ अंशांवर, खोलीत कूलरची घरघर. मुलांचा पहिला ठराव एकमतानं झाला: उन्हाळा काढून टाका! तेवढ्यात काटोलकडचा, संत्र्याची बाग असलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, "मंग मृग बहार कसा येईन जी? झाडाले ताण द्याच लागते." उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात, झाड सुकायला लागतं, आणि मृगाचा पाऊस पडला की फुलावर येतं. ती संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. बाकीच्यांना पटलं.

एका मुलीला मात्र नाही पटलं. ती म्हणाली, "झाडाचं ठीक आहे, सोसतं तेच आणि फळतंही तेच. इथं सोसणारा एक आणि फळ दुसऱ्याला." तिनं जुळ्यांचा प्रसंग काढला. दोन बाळांतलं वजनानं कमी असलेलं बाळ सुई देऊन मारलं जातं. मारणारे नायकाचे वडील, घरात अतिशय मायाळू माणूस. वस्तीला वाटतं, बाळ दुसरीकडे राहायला गेलं.

मग तिनं कूलरकडे बोट दाखवलं. कोराडी, खापरखेडा ही कोळशावर चालणारी वीज केंद्रं नागपूरच्या अगदी शेजारी. वीज साऱ्या राज्याला जाते, कोळशाची राख भोवतालच्या गावांच्या वाट्याला येते. पुस्तकात यातलं काहीच नाही. पंधरा वर्षांच्या मुलीनं ते स्वतः जोडलं. अशा पुस्तकांचं मोल मला यातच दिसतं.

तुमची मुलंही विचारतील. तुमची स्वच्छ कार्यालयं रात्री कोण झाडतं, दारात येणारं सामान कोण किती तास वाहतं. तेव्हा "हे तुझं वय नाही" असं कृपा करून म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर सोबत बसून शोधा, मराठीत बोला.

मंडळाच्या ग्रंथालयासाठी काही प्रती आणल्यात, मागच्या टेबलावर आहेत. घरटी दोन न्या, एक मुलांसाठी आणि एक तुमच्यासाठी.