आधी छप्पर, मग भिंती

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत एखादी इमारत बांधायची झाली, तर ती कशी असावी, यावर आज बोलायचं आहे. अलीकडे बरेच बागायतदार पाहुण्यांना थेट बागेतच बोलावतात. पाहुण्यांनी आपल्या हातानं आंबा उतरवायचा, काजूच्या बिया वेचायच्या, मोजून, पैसे देऊन घरी न्यायच्या. २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय झाली आणि या विचाराला आणखी जोर आला. मग घरात चर्चा सुरू होते, बागेत बांधायचं काय? बहुतेक ठिकाणी उत्तर तयारच असतं: चार खोल्या काढू, संडास-बाथरूम जोडून. माझं कळकळीचं सांगणं आहे, की सुरुवात खोल्यांपासून करू नका. आधी एक मोठं छप्पर आणि त्याखाली ऐसपैस ओटा. खोल्या मागाहून, आणि त्याही मोजक्या.

का, ते बागेच्या वर्षाकडे बघितलं की कळतं. फेब्रुवारीपासून काजू पडायला लागतो. पाठोपाठ आंबा. मे महिन्यात फणस, जांभळं, रातांबे म्हणजे कोकमाची फळं. पावसात कलमं बांधायची, त्यांच्या पिशव्या ठेवायला आडोसा हवा. पाऊस सरला की मोहोराची राखण, पंप, नळ्या, शिड्या. ही सगळी कामं आळीपाळीनं एकाच जमिनीवर होऊ शकतात. भिंत घातली, की ती जागा एकाच कामाची होऊन बसते आणि उरलेले आठ-नऊ महिने कुलूपबंद राहते.

आता आंबा उतरवण्याचंच बघा. हापूस देठासकट उतरवावा लागतो. त्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं केलेला ‘नूतन झेला’, म्हणजे फळ उतरवायची जाळी, आपल्याकडे आहे. त्याचं पातं देठ कापतं आणि फळ अलगद जाळीत येतं. पाहुण्याच्या हातून देठ मोडला तर चीक फळावर ओघळतो, साल काळी पडते, आणि चीक अंगावर उडाला तर कातडीही भाजते. म्हणून बागेतून ओट्यावर चढताच पहिली गोष्ट दिसली पाहिजे ती बांबूच्या पट्ट्यांची, कमरेएवढ्या उंचीची मांडणी. आंबा तिथं देठ खाली करून ठेवायचा, चीक निथळू द्यायचा. शेजारीच पाण्याचा नळ आणि साबण. त्यापुढे निवडायचं टेबल, मग मोजणी, मग पैसे, आणि तिथून थेट गाड्यांकडे जाणारी वाट. माल एका बाजूनं आत यावा आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडावा. उलटसुलट ये-जा झाली, की मेमधल्या रविवारी तिथं पाय ठेवायला जागा उरत नाही. काजूसाठी लागणारा काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच ठेवा. गिऱ्हाइकाचा विश्वास त्या काट्यावर असतो.

आणखी एक. झाडावरून उतरवलेला हापूस त्या दिवशी खाता येत नाही. मुंबई-पुण्याहून आलेल्या मुलांना हे ठाऊक नसतं, त्यांचा हिरमोड होतो. म्हणून जी एक खोली अगदी हवीच, ती अढीची, म्हणजे आंबा पिकत घालायची. भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा. गारवा, खेळती हवा, झडपांना बारीक जाळी, म्हणजे उंदीर-घुशी शिरणार नाहीत. आज स्वतः उतरवलेली पेटी घरी न्यायची आणि आठ-दहा दिवसांपूर्वी अढीत घातलेला पिकलेला आंबा ओट्यावर बसून खायचा. या एका खोलीवर पैसे खर्च करताना हात आखडू नका.

काजूचं गणित वेगळं. पिकून खाली पडलेलीच बी वेचायची. फांदीला लोंबणारा बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, ओढून काढला तर बी अपुरी भरलेली निघते. बोंडू पिळून बी वेगळी करायची जागा ओट्याच्या खालच्या टोकाला हवी, उतार काढलेली, धुता येणारी. बोंडू काही तासांत आंबायला लागतात, आणि तो वास अन् माश्या जेवणाच्या पंगतीपर्यंत येता कामा नयेत. बिया खळ्यात दोन-तीन दिवस चांगल्या उन्हात वाळवायच्या आणि तागाच्या पोत्यांत भरून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटं ठेवायचं. इथं एक गोष्ट फार गांभीर्यानं सांगतो. ओल्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. लहान मूल बी दातांनी फोडायला बघतं. तशी सूचना ठळक अक्षरांत लावा, आणि काजू भाजणं, फोडणं या छपराखाली मुळीच करू नका. त्याची शेड वेगळी, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कीटकनाशकांची खोलीही अशीच लांब, कुलपातली.

जागा किती लागेल? १० मीटर अंतरावर लावलेलं हापूसचं एक कलम १०० चौरस मीटर जमीन धरतं. १०० चौरस मीटरचं छप्पर म्हणजे एका कलमाची जागा. गाड्या मात्र भारी पडतात. वळायला लागणारी जागा धरून एका गाडीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. सोळा गाड्या म्हणजे चार कलमं गेली. म्हणून माती असलेली जमीन झाडांना ठेवा आणि इमारत, गाडीतळ कातळावर न्या. सड्याचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाचा, तुकडा जवळ असेल तर त्यासारखा भक्कम पाया नाही. फक्त संडास तिथं काढू नका. कातळात शोषखड्डा नीट मुरत नाही. संडास मातीच्या कडेला, विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि तिच्यापेक्षा खालच्या अंगाला हवेत. बायकांसाठी जास्त ठेवा. बसभर माणसं उतरली की रांग तिथंच लागते.

छपराबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं. २०२१ च्या मे महिन्यात, ऐन हंगामात, तौक्ते आलं. पत्रे उडाले, कौलं उडाली, झाडंही गेली. नुसतं कौलारू छप्पर गार राहतं, पण वारा ते उचकटतो आणि माकडं फोडतात. नुसता पत्रा मेमध्ये तापून उठतो. मला पटलेला मार्ग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर घट्ट बांधलेला पत्रा आणि पत्र्यावर मंगळुरी कौलं. खांब जोत्यात नीट गाडून जखडलेले असावेत. पावसाची झड पश्चिम-नैर्ऋत्येकडून येते आणि मेचं तिरपं ऊनही पश्चिमेकडूनच. म्हणून जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, अढी आणि कोठार त्या बाजूला घ्या. उत्तर आणि पूर्व मोकळी सोडा. पागोळ्या भिंतीपासून मीटरभर लांब पडतील एवढं छप्पर पुढं काढा.

तेच छप्पर पाणीही देतं. जिथं वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथं १०० चौरस मीटर छपरावर ३ लाख लिटर पाणी पडतं. ते सगळं साठवणं कुणालाच परवडणार नाही. पण पाहुण्यांची गर्दी आणि विहिरीचा तळ दिसणं, दोन्ही मे महिन्यातच येतं. जोत्याखाली टाकी काढायची असेल तर ती पाया खणतानाच काढा. नंतर कातळ फोडायचा खर्च वेगळा होतो.

पाया खणण्याआधी तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे जाऊन या. शेतीची इमारत आणि पाहुण्यांसाठीची इमारत यांचे नियम सारखे नाहीत. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, कोकम सरबत, भाजलेले काजूगर विकणार असाल, तर अन्न सुरक्षेची नोंदणीही करून घ्यावी लागेल.

कामाची आखणी दोन हंगामांत करा. दिवाळीनंतर जोतं, टाकी, खांब आणि छप्पर. फेब्रुवारीत काजू सुरू होईल तेव्हा ओटा वापरायला मिळेल. तो पहिला हंगाम त्यावर उघड्यानंच काढा. माणसं कुठं दाटतात, क्रेट कुठं अडतात, ऊन कुठल्या वेळी कुठवर आत येतं, बायका सावलीला कुठं बसतात, हे रोज बघा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीत गवंड्याला बोलवाल, तेव्हा ती वही त्याच्यापुढे ठेवा आणि मग भिंती कुठं घालायच्या ते ठरवा.

नमस्कार.