दहा सेकंद आणि बेणारेबाई

(रिकामा हॉल. दोनचार खुर्च्या. कॅमेरा हळूहळू दाराकडे जातो, दाराच्या कडीवर थांबतो.)

ही कडी नीट बघून ठेवा. गावातला साधा हॉल आहे, रात्री इथे प्रयोग आहे आणि मुंबईहून हौशी नाटक मंडळी आलीयेत. बाकीचे मागून येतायत, सगळ्यात आधी आत शिरतात दोघंच, गावातला भोळाभाबडा सामंत आणि मुंबईतल्या शाळेत शिकवणाऱ्या लीला बेणारे. आणि आल्याआल्याच बाईंचं बोट या कडीत चेमटतं. सामंत बिचारा ओशाळतो, सांगतो की ही कडी जरा सरकवून ठेवावी लागते, नाहीतर दार ओढलं की बाहेरून आपोआप लागते. बाई बोट चोखत चोखत पुन्हा हसून बोलायला लागतात.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' असं सुरू होतं. मला विचाराल तर अख्खं नाटक त्या बोटात आहे, लागलंय, दुखतंय, पण समोरच्याला कळायच्या आत हसून मोकळं व्हायचं.

बेणारेबाई खूप बोलतात हो. शाळेतली पोरं त्यांच्यावर कसा जीव टाकतात ते सांगतात, गाणी म्हणतात, मागून येणाऱ्या एकेकाची नक्कल करतात, आणि अनोळखी सामंतसुद्धा पाच मिनिटांत त्यांचा होऊन जातो. त्याच्याजवळ पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट आहे, हिरवा. तोही लक्षात असू द्या. तर या सगळ्या बडबडीत मधेच एखादं वाक्य निसटतं, शाळेत आपल्यावर चौकशी बसलीये वगैरे, आवाज एकदम बदलतो, आणि लगेच पुन्हा गाणं, पुन्हा चेष्टा. पहिल्यांदा बघताना ते पटकन लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा बघताना मात्र दर हसण्याला पोटात खड्डा पडतो.

मुखवटा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ढोंगी माणूस येतो, आत एक बाहेर एक. बाईंचं तसं नाहीये आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचं हसणं खोटं नाही. त्यांना खरंच पोरं आवडतात, खरंच जगावंसं वाटतं. फक्त हा खरा भाग त्यांनी दारात आणून उभा केलाय, म्हणजे कुणी आतल्या खोलीत डोकावू नये. ज्यांनी घरातलं दुखणं शेजारपाजारी कधी कळू दिलं नाही अशा बायका आपण सगळ्यांनीच बघितल्यायत, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

(जुन्या रंगमंचाची छायाचित्रं.)

या नाटकाचं बीज तेंडुलकरांना अगदी रस्त्यात मिळालं. विलेपार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या एका मंडळींचं आपापसातलं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. अभिरूप न्यायालय म्हणजे खोटं कोर्ट, खोटा न्यायाधीश, खोटा आरोपी, विषय मात्र खरा. 1967 साली रंगायन या नाट्यसंस्थेनं नाटक रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं आणि बेणारे झाल्या सुलभा देशपांडे. पुढे 1971 मध्ये सत्यदेव दुबेंनी त्यावर सिनेमा केला, तिथेही बेणारे सुलभाताईच.

आता परत हॉलमध्ये येऊ.

प्रयोगाला वेळ आहे. सामंताला आज एका साक्षीदाराचं काम करायचंय आणि त्यानं बापड्यानं कोर्ट कधी बघितलेलं नाही, मग त्याला कळावं म्हणून एक लुटुपुटूचा खटला चालवायचं ठरतं. आरोपी कोण? बाई तोंड धुवायला आत गेल्यात, तेवढ्यात मागून येऊन पोचलेल्या बाकीच्या मंडळींचं ठरून जातं. बाई बाहेर येतात आणि मंडळींतलाच पोंक्षे सांगतो, तुम्हाला अटक झाली आहे. आरोप, भ्रूणहत्या. कलम 302.

इथे बाईंचा चेहरा क्षणभर उघडा पडतो. तो क्षण बाकीच्यांनीही हेरलेला असतो आणि तिथून खेळाला वेगळीच धार चढते.

कारण मुखवटा काही एकट्या बाईंनीच घातलेला नाही. वकिली न चाललेला सुखात्मे इथे तडफदार वकील होतो. इंटर नापास पोंक्षे शास्त्रज्ञासारखा बोलतो. बाळू रोकडे काशीकरांच्या अन्नावर वाढलेला, घरात त्याला तोंड वर करून बोलता येत नाही, इथे साक्षीच्या पिंजऱ्यात त्याला कंठ फुटतो. आणि काशीकर, समाजाच्या काळजीनं सतत गंभीर असलेले, न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून कान कोरतायत. ह्या सगळ्यांच्या हाताशी एकच शब्द आहे, 'खेळ'. खेळच तर चाललाय, मनावर काय घ्यायचं! बाईंचा मुखवटा दुखणं झाकतो, ह्यांचा दुखवणं झाकतो. मी जितक्यांदा हे वाचतो तितक्यांदा मला त्या 'खेळ' शब्दाची जास्त भीती वाटते.

सामंताची साक्ष तर काळजाला घर करते. त्या साध्या माणसाला सांगायला काहीच नाही, मग तो हातातल्या कादंबरीतलं वाचून ठोकून देतो की मी प्रोफेसर दामल्यांच्या खोलीशी गेलो, आतून एका बाईचा आवाज आला. सगळं बनवलेलं. आणि नेमकं तेच खरं निघतं. दामले हे ह्याच मंडळींतले, आज आलेले नाहीत. बाई पर्स उचलून दाराकडे धावतात, कडी काढतात, दार ओढतात.

दार उघडत नाही. बाहेरून लागलंय.

(कडी. पुन्हा तीच.)

पुढे एकेक जण साक्ष देतो. बाईंनी पोंक्षेला लग्नाचं विचारलं होतं, पोटातल्या मुलाला बाप हवा म्हणून, ते तो सगळ्यांसमोर मांडतो. बाईंच्या पर्समध्ये टिक-20 ची बाटली असते हेही तोच सांगतो, टिक-20 म्हणजे ढेकूण मारायचं औषध, विष. ज्यानं हे सांगितलं त्याला ते तेव्हाच माहीत होतं, म्हणजे ही बाई मरायच्या तयारीनं फिरतेय हे बघून तो गप्प राहिला आणि आज साक्षीत वापरतोय. आणि दामले? दामल्यांना आरोपी करावं असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

शेवटी काशीकर बाईंना बचावासाठी वेळ देतात. दहा सेकंद.

बाई गप्प. आणि मग रंगमंचावर सगळे जण होते त्या पोझिशनमध्ये थिजतात, प्रकाश बदलतो आणि बेणारेबाई बोलायला लागतात. चौदा-पंधरा वर्षांची असताना सख्ख्या मामावर जीव जडला होता, ज्या घरात तो लाड करायचा त्याच घरानं ते नातं नाकारलं, मरायला गेले आणि वाचले. मग मोठेपणी दामल्यांच्या बुद्धीची पूजा केली आणि त्यांना पूजा नको होती, शरीर हवं होतं. आता हेच शरीर हवंय, कारण त्यात एक जीव वाढतोय आणि त्याला आई पाहिजे. कितीतरी मिनिटं चालतं हे. मराठी रंगभूमीवर बाईच्या तोंडी इतकं उघडं बोलणं त्याआधी क्वचितच आलं असेल, कितीतरी अभिनेत्रींनी ऑडिशनला हाच तुकडा केलाय.

पण त्यातली मेख बघा. बोलणं संपतं, प्रकाश पूर्ववत होतो, सगळे हलायला लागतात, आणि कोर्टाच्या लेखी आरोपी एक अक्षर बोललेली नाही. दहा सेकंद संपले, एवढंच. बाईंनी जे सांगितलं ते काशीकरांनी ऐकलं नाही, सुखात्मेनं नाही, मिसेस काशीकरांनी नाही. फक्त आपण ऐकलं, अंधारात खुर्चीवर बसलेल्यांनी. त्यांच्या जगात मुखवटा शेवटपर्यंत निघालेलाच नाही. तेंडुलकरांनी बाईंना बोलू दिलं आणि त्याच वेळी त्यांचा आवाज त्या हॉलपर्यंत पोचू दिला नाही, आणि मला वाटतं असं लिहायला त्यांना स्वतःला फार त्रास झाला असणार.

निकाल लागतो. बाईंनी जगायचं, गर्भ मात्र नष्ट करायचा. बाई कोसळतात. तेवढ्यात दारावर थाप पडते, दार बाहेरून उघडतं, गावातले लोक रात्रीच्या प्रयोगासाठी जमायला लागलेत. आणि एका क्षणात ही सगळी माणसं पुन्हा आपली नेहमीची होतात, अगं ऊठ, खेळ होता तो, तयारी करायचीय. बाई उठत नाहीत. एकेक करून सगळे आत निघून जातात.

सामंत मागे राहतो. त्याला काय बोलावं सुचत नाही. तो तो हिरवा कापडी पोपट घेतो, जरा लांबूनच, भीत भीत बाईंसमोर ठेवतो आणि निघून जातो. बाई हलत नाहीत. मग कुठून तरी त्यांच्याच आवाजात तेच पोरांचं गाणं ऐकू येतं, पोपट चिमणीला विचारतोय, तुझे डोळे ओले का म्हणून.

(पोपटावर स्थिर. आवाज विरत जातो.)