माशीचं डोकं आणि घरातली बाटली

नमस्कार श्रोतेहो.

मासे पकडायला गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधणाऱ्या मंडळींसाठी आजचं बोलणं आहे. माशी तयार झाली, शेवटची गाठ बसली, दोरा कापला. आता डोक्यावर, म्हणजे गळाच्या नेढ्यापाशी जमलेल्या दोऱ्याच्या वेढ्यांवर, हेड सिमेंटचा म्हणजे ते वेढे पक्के करणाऱ्या द्रवाचा थेंब लावायचा, तर बाटलीत सिमेंटचा खडा झालेला! हे प्रत्येकाच्या टेबलावर कधी ना कधी होतंच, कारण त्यातला द्रावक झाकणाच्या फटीतूनसुद्धा उडून जातो. मग घरातलं काय चालतं? बरंच काही चालतं. पण एक अट आहे आणि ती मी आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. जे लावाल ते दोऱ्यात मुरलं पाहिजे. वर साचून उपयोग नाही, आत मुरलं पाहिजे.

आमच्या गटात एक आजोबा होते, ज्यांच्याकडून आम्ही सगळेच माशा बांधायला शिकलो. रविवारी सकाळी आम्ही खिडकीपाशी बसायचो. खिडकीपाशीच, कारण दिव्याखाली पिसाचा खरा रंग कळत नाही. कितीही भारी दिवा आणा, करड्या पिसातली तांबूस झाक दिसायला दिवसाचाच उजेड लागतो, असं माझं ठाम मत आहे. रात्री बांधलेली माशी मी सकाळी बघितल्याशिवाय डबीत ठेवत नाही. असो.

तर एका रविवारी एक तरुण मुलगा डबी घेऊन आला. ताईच्या पारदर्शक नेलपॉलिशनं त्यानं सगळ्या माशांची डोकी रंगवली होती. काय चमकत होती! प्रत्येक डोक्यावर गोल, नितळ थेंब बसलेला. डबी हातोहात फिरली. आजोबांनी त्यातली एक माशी उचलली, शिकंज्यात धरली आणि ब्लेड मागितलं.

“कापू का रे?”

“कापा ना, आजोबा.”

त्यांनी ब्लेडची कड डोक्याच्या मधोमध टेकवली आणि हलकेच ओढली. एक-दोन वेढे कापले गेले असतील, जास्त नाही. माशाचा दात एवढंच करतो. मग त्यांनी अंगठ्याचं नख त्या चिरेपाशी टेकवून दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि तो चमकदार थेंब अंड्याच्या टरफलासारखा अख्खा सुटून टेबलावर पडला. खालचा दोरा अगदी कोरडा होता. बघता बघता वेढे सैल झाले, मग पीस सुटलं, आणि शिकंज्यात नुसता गळ राहिला.

कुणी काही बोललं नाही. आजोबांनी आपल्या डबीतली एक माशी काढली. तिच्या डोक्यावर चमक नावालासुद्धा नव्हती, दोरा नुसता जरा काळपट दिसत होता. तिला लाकडाचं वार्निश लावलं होतं, टर्पेंटाइन घालून पाण्याइतकं पातळ केलेलं. तेच ब्लेड, तशीच चीर, तसंच नख. काही हललं नाही. मग त्यांनी चिमट्यानं कापलेल्या दोऱ्याचं टोक धरून ओढलं. टोक तुटून चिमट्यात आलं, पण वेढा जागचा उठला नाही.

ते मुलाला म्हणाले, “तुझी बाटली चांगली आहे रे. फक्त दाट आहे.”

पुढच्या रविवारी तो ताईलाच घेऊन आला, आणि खरी माहिती तिनं दिली. घट्ट झालेल्या नेलपॉलिशमध्ये रिमूव्हर ओतायचं नाही, म्हणाली. रिमूव्हरमध्ये बहुधा पाणी असतं, तेल असतं, सुगंध असतो, त्यानं पॉलिश गढूळ होतं आणि नीट धरत नाही. घालायचं ते नेलपॉलिशचं थिनर, तेही थेंबाथेंबानं. तिनं थिनर घातलं, बाटली हळू फिरवली आणि सुईच्या टोकावर एवढासा थेंब घेऊन फिक्या पिवळ्या दोऱ्याच्या डोक्याला टेकवला. थेंब दिसेनासा झाला आणि दोरा पिवळ्याचा गडद मधाच्या रंगाचा झाला. सगळीकडून सारखा. आजोबांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, “हे मुरलं.” तो वाळल्यावर दुसरा हात दिला, मग ब्लेडची परीक्षा झाली, आणि ती माशी टिकली.

श्रोतेहो, ही खूण लक्षात ठेवा. दोऱ्याचा रंग गडद झाला म्हणजे मुरलं. रंग तसाच राहिला आणि वर थेंब दिसतोय, म्हणजे साचलं. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ही खूण जास्त खरं सांगते.

आता बाकीच्या बाटल्या भराभर सांगतो. लाकडाचं तेलाधारित वार्निश उत्तम, फक्त वाळायला रात्र द्या. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख चालते, लवकर वाळते, पण पाण्यात फार वेळ राहिली तर पांढरट पडते. कागद चिकटवायचा पांढरा डिंक मात्र नको, तो पाण्यात मऊ होतो. दोन नळ्या मिसळून करायचं इपॉक्सी आणि अतिनील दिव्यानं घट्ट होणारं रेझिन ही दोन्ही दाट असतात. मोठ्या डोक्यावर वरून थर द्यायला छान, पण आधी खाली काहीतरी मुरवा. आणि रेझिनला उजेड लागतो, जो दोऱ्याच्या खालच्या वेढ्यांपर्यंत पोचत नाही.

राहिला सुपरग्लू. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. तेव्हा हे रसायन हाती लागलं आणि सगळ्यालाच चिकटतं म्हणून बाजूला पडलं. विक्रीला आलं १९५८ साली. हवेतल्या, दोऱ्यातल्या जराशा ओलाव्यानं ते घट्ट होतं. पातळ सुपरग्लू मुरतो फार छान, इतका की डोक्यावरून पिसांत शिरून त्यांना काड्या करून टाकतो. म्हणून तो डोक्याला लावूच नका. शेवटची गाठ मारण्याआधी डोक्याजवळच्या बोटभर दोऱ्याला लावा, आणि लगेच पाच-सहा वेढ्यांची गाठ मारून दोरा ओढून घ्या. सुपरग्लू गाठीच्या पोटात जातो, पिसं मऊ राहतात. आमच्या गटात आता निम्मे लोक असंच करतात आणि मलाही हीच पद्धत सगळ्यात आवडते.

गाठ मात्र आधी नीट यायला हवी. नवीन शिकणाऱ्यांना मी सुरुवातीला कुठलीच बाटली देत नाही. निव्वळ गाठीवर माशी टिकायला लागली की मग बाटली.

दोन सूचना. नेलपॉलिश, थिनर, टर्पेंटाइन हे सगळं पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. सुपरग्लू सुती कापडावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतो, त्यामुळे तो सुती बोळ्यानं पुसायला जाऊ नका.

आणि काहीही लावलं तरी ओलं असतानाच गळाच्या नेढ्यातून पिसाचा सोललेला देठ एकदा ओवून काढा. नेढं बुजलं, तर पहाटे नदीवर गार पडलेल्या बोटांनी ते मोकळं करत बसावं लागतं.

पुढच्या भागात दोऱ्याला मेण कसं लावायचं ते बघू. नमस्कार.