मुठीत मावणारी वाघीण

हा बघा, हा डबा. लांबी जेमतेम चौदा सेंटिमीटर. मालगाडीचा डबा, आपल्याकडचे जुने रेल्वेवाले याला वाघीण म्हणायचे, आणि ही वाघीण ओहायोहून आमच्या नाशिकरोडच्या घरी आलीय, मामेभावाच्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. तिकडच्या खऱ्या चाळीस फुटी डब्यापेक्षा 87 पट लहान. याला एचओ स्केल म्हणतात.

दुकानात गेलात तर हा मिळणार नाही. एकदाच निघाला, संपला. तिकडे मॉडेल रेल्वेचे क्लब असतात, कुणाच्या हॉलचं भाडं थकलेलं असतं, कुणाला जुनं स्टेशन वाचवायचं असतं, छप्पर गळत असतं, मग नुसती वर्गणी मागत फिरण्यापेक्षा ते डबा काढतात. साचा कंपनीचाच, क्लबने फक्त रंग, अक्षरं आणि नंबर ठरवून द्यायचे, ठरलेल्या नगांची ऑर्डर द्यायची, कंपनी छापून देते आणि विकून वर सुटतील ते पैसे क्लबचे. आणि नाव बहुतेक वेळा कुठलं असतं माहितीये? त्यांच्या भागातल्या बंद पडलेल्या रेल्वेचं, नाहीतर गावातल्या जुन्या गिरणीचं. मला याच गोष्टीने वेड लावलं. रूळ उखडले, गिरणी पाडली, पण नाव कुणाच्या तरी टेबलावर अजून फिरतंय.

एकाच डब्याचे दोन-तीन वेगळे नंबरही काढतात. खप वाढतो हे खरंच, पण खऱ्या गाडीत एकाच नंबरच्या दोन वाघिणी कधी दिसत नाहीत ना, त्यामुळे ज्याला रेक, म्हणजे डब्यांची सलग गाडी, जोडायचीय त्याला वेगवेगळे नंबर लागतातच.

बरेच जण खोकं उघडत नाहीत, किंमत पडते म्हणून. मी उघडतो. डबा चालला पाहिजे. अमेरिकेत 1935 पासून नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन आहे, त्यांचा वजनाचा हिशोब सोपा आहे, आधी एक औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. म्हणजे या साडेपाच इंची डब्याला पावणेचार औंस, साधारण 106 ग्रॅम. आईच्या किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवला तर भरला 91, आणि तसाच चालवला तर वळणावर हमखास रूळ सोडायचा. मग छत काढलं, आत दोन्ही टोकांना एकेक लोखंडी नट चिकटवला, पुन्हा काट्यावर ठेवला, 106. त्यानंतर एकदाही घसरला नाही.

आता आपल्याकडचं सांगतो. नाशिकमध्ये ट्राम होती. 1889 साली सुरू झाली, मेन रोडपासून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत, घोडे ओढायचे, चार घोडे आणि मागे दोन डबे, मधे सगळं रान. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद झाली. आज त्याच शहरात रिक्षाची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाला विचारा, बहुतेकांना पत्ताच नसतो, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून आम्ही चौघांनी ठरवलंय, नाशिक ट्रामचा डबा काढायचा. फक्त पंचवीस नग, प्रत्येकावर वेगळा नंबर, आणि जमतील त्या पैशांतून शाळांमध्ये नेता येईल असा ट्रामचा छोटा लेआउट, म्हणजे रुळांसकट मांडलेला देखावा. हिशोब करायला बसलो तेव्हा अंगावर काटा आला. ट्रामच्या रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर, त्याला 87 ने भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतं, आणि एचओपेक्षा लहान अशा एन स्केलचे तयार रूळ असतात बरोबर 9 मिलिमीटरचे! म्हणजे रूळ बनवायची गरजच नाही, विकत आणले की झालं.

पहिला नमुना कालच रुळावर ठेवला. मोटर मागच्या डब्यात लपवलीय, पुढचा डबा तिने ढकलायचा आणि घोडे त्याच्या पुढे सरकायचे. डबे मस्त पळतात. घोडे मात्र वळणावर आडवे होतात, म्हणून आज रात्री त्यांच्या पोटाखाली तारेच्या दांडीवर दोन बारीक चाकं बसवतोय.